नाव छापा, मग विका

२००२ साली अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' गाजलं. तालामागे चक्क लतादीदी! १९८१च्या 'ज्योती'तलं, बप्पी लाहिरींनी बांधलेलं गाणं तुकडे करून वापरलं होतं. श्रेयनामावलीत मात्र ना दीदी, ना बप्पीदा. पूर्वेकडचं संगीत बहुधा झाडाला लागतं. प्रकरण कोर्टात गेलं. लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी बजावलं, बप्पीदांचं नाव छापा, नाहीतर विक्री बंद. आपली छाती फुगली. आता त्याच फुगलेल्या छातीनं बप्पीदांच्याच 'डिस्को डान्सर'मधलं 'औवा औवा' लावा आणि पाठोपाठ १९७९चं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' ऐका. एक त्यांनी नेलं, एक आपण आणलं. फरक इतकाच, की कोर्टात खेचलं गेलं ते त्यांनाच.