ओपन फाइल आहे ना?

फ्लेक्सच्या दुकानात रात्री साडेअकराला एक प्रश्न येतो आणि डिझायनरच्या हातातला चहा जागच्या जागी गार होतो. 'ओपन फाइल आहे ना?'

ओपन फाइल म्हणजे लेअर शाबूत असलेली फाइल. उत्सवमूर्ती एका लेअरवर, गळ्यातला हार दुसऱ्यावर, मागे उगवता सूर्य किंवा वाघ (बजेट असेल तर दोन्ही), वर श्रद्धास्थानांची रांग आणि खाली टिकल्यांएवढे शुभेच्छुक. प्रत्येकाचा लेअर स्वतंत्र. एकाला उचललं तर शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. थॉमस आणि जॉन या नोल बंधूंनी फोटोशॉप लिहिलं ते अमेरिकेत, पण प्रभागातल्या राजकारणाला याहून सोयीचं यंत्र मिळालं नसतं.

१९९० साली फोटोशॉप बाजारात आलं तेव्हा त्यात लेअर नव्हतेच. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. तोवर चित्रावर एखादी गोष्ट चिकटवली की चिकटली. चूक झालीच, तर मागे यायला एकच पाऊल. १९९८ मध्ये हिस्टरी आली आणि माणसाला बरंच मागे जाता येऊ लागलं. पण फाइल बंद केली की तीही पुसली जाते.

इतकी सोय असताना माणूस लेअर एकत्र करतो तरी का? दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला, तरी जवळजवळ सहा कोटी पिक्सेल होतात. छपाईच्या चार रंगांत नुसत्या पार्श्वभूमीचंच ओझं सव्वादोनशे एमबी. त्यावर सूर्य, वाघ आणि सोनेरी झळाळी चढली की दुकानातला जुना कॉम्प्युटर दम्याच्या पेशंटसारखा धापा टाकतो. दुसरी भानगड फाँटची. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटातलं 'हार्दिक अभिनंदन' तो फाँट नसलेल्या प्रेसच्या मशीनवर उघडून बदलायला गेलं, की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो. म्हणून शहाणा डिझायनर अक्षरांचं चित्र करून टाकतो. चिवडा टळतो, मात्र शुद्धलेखनही तिथेच गोठतं.

कंट्रोल ई मारलं की वरचा लेअर खालच्यात मिसळतो. दोन भावांनी चूल एक केल्यासारखं. बाकीचं घर जागेवर असतं. फ्लॅटन म्हणजे अख्खा वाडा पाडणं. पारदर्शक जागा उरली असेल तर तिथे पांढरा रंग भरला जातो आणि डोळ्याची खूण बंद करून लपवलेले लेअर कायमचे जातात. त्याआधी प्रोग्राम नम्रपणे विचारतो, की लपवलेले टाकून देऊ का? रात्री त्या वेळेला कुणी ते वाचत नाही. 'ओके' म्हणायला बोट आधीच खाली आलेलं असतं.

पेठेतल्या एका दुकानात हेच झालं. डिझायनरने फाइल फ्लॅट करून सेव्ह केली, बंद केली आणि शटरला हात घातला. तेवढ्यात कार्यकर्ता धापा टाकत आला.

"भाऊ, खालच्या रांगेतला डावीकडून तिसरा काढा. दुपारीच पलीकडं गेला तो."

"काढा काय? फाइल फ्लॅट आहे, दादा."

"मग जाड करा, पण त्याला काढा!"

फाइल पुन्हा उघडली. सगळ्या जनसमुदायाचा एकच लेअर, नाव 'बॅकग्राउंड', शेजारी कुलूप. तिसऱ्याला काढायचं तर त्याच्या मागचा सूर्य नव्याने रंगवायला हवा, आणि प्रेसची गाडी बाराला निघणार. डिझायनरने दुसऱ्या शुभेच्छुकाचा फोटो कॉपी करून तिसऱ्यावर डकवला. जाता जाता 'शुभेच्छूक'मधला दीर्घ ऊ त्याच्या नजरेस पडला, आणि पडला तसा त्याने तो पडू दिला.

सकाळी चौकात एकच माणूस शेजारी शेजारी दोनदा हसत होता. दुसऱ्यांदा हसताना त्याच्या डोक्यामागून आणखी एक कान डोकावत होता. दहाच्या सुमारास भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई फ्लेक्सखाली थांबल्या, मान वर करून नीट पाहिलं आणि फोन लावला. "अहो, तुम्ही पलीकडं गेलात ना? मग तुमचा कान इथं काय करतोय?"