शेवटचे 30 मीटर

खरेदी समितीचे त्रिवार अभिनंदन. लाखोंचा जीपीएस रिसीव्हर, गच्चीवर उत्तम अँटेना आणि दोघांना जोडायला सर्वांत स्वस्त, काडीएवढी आरजी-174. जाड केबल महाग, शिवाय कोपऱ्यात वळत नाही. सिग्नल 20,200 किलोमीटर फुकट येतो. शेवटच्या 30 मीटरसाठी त्याचे लाड कशाला? 1575.42 मेगाहर्ट्झला ही तार मीटरमागे एक डेसिबलहून थोडे जास्तच खाते, म्हणजे अँटेनातल्या अ‍ॅम्प्लिफायरची कमाई जिन्यातच संपते. तळमजल्यावर पोचतो जेमतेम हजारावा हिस्सा. शासकीय निधीच्या मानाने हे प्रमाण वाईट नाही. पुढच्या टप्प्यात तारही वगळावी. गच्चीवर शिपाई बसवावा, त्याने अक्षांश-रेखांश ओरडून सांगावेत.

रिसीव्हर सध्या ‘उपग्रह : शून्य’ दाखवतो. समितीने तातडीने दखल घेतली आहे. जरा खालून जाणाऱ्या उपग्रहांसाठी निविदा निघते आहे.