फुटबॉलचा वर्ल्ड कप कसा जिंकावा: टेलच्या गावांसाठी सोपी पद्धत

ही माहिती निव्वळ नवशिक्यांसाठी आहे. ज्यांना ऑफसाइड समजतो त्यांनी वेळ घालवू नये, त्यांच्या उसाला पाणी द्यायचं राहिलं असेल.

आधी साहित्य. एक देश लागतो. देश हाताशी नसेल तर तालुका चालेल. २०११ च्या जनगणनेत इंदापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख ८३ हजार भरली होती. आइसलँड हा अख्खा देश २०१८ च्या सुमाराला त्याहून लहान, साडेतीन लाखांच्या आतबाहेर होता. या देशानं २०१६ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला २-१ नं घरी पाठवलं आणि २०१८ च्या वर्ल्ड कपात अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं. त्या सामन्यात मेस्सीची पेनल्टी अडवणारा गोलकीपर एरवी सिनेमे दिग्दर्शित करायचा, आणि संघाचा कोच दातांचा डॉक्टर. तेव्हा ‘माणसंच कमी पडतात हो’ ही सबब इंदापूरकरांनी इथंच खाली ठेवावी. बारामतीकरांनी तर ठेवावीच, त्यांची डोकी आणखी जास्त आहेत.

पायरी पहिली: टनेजवर भाळू नका. एकरी टनेज किती पडलं हे शेतकरी मिशीवर हात फिरवत सांगतो, पण साखरेचा उतारा किती ते कारखान्यात कळतं. लोकसंख्या म्हणजे टनेज. चीनकडे टनेजही होतं आणि पैसाही. आजवर एकदाच, २००२ साली, चीन वर्ल्ड कपला पोचला. तीन सामने हरला, नऊ गोल खाल्ले, केला एकही नाही. आपलं टनेज १४० कोटींच्या वर आहे. उतारा विचारू नका.

१९५० साली भारत पात्र ठरूनही ब्राझीलला गेला नाही. बूट नव्हते म्हणून गेला नाही, ही गोष्ट टपरीवर फार चालते. तिच्यावर एक चहा जरूर प्या, पण विश्वास ठेवू नका. आपल्या लोकांना तेव्हा ऑलिंपिक मोठं वाटत होतं, वर्ल्ड कपचं विशेष काही वाटत नव्हतं. गंमत पुढेच आहे. १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमध्ये आपण सुवर्णपदक घेतलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या देशाचा हा पराक्रम. आज अर्थव्यवस्थेत आपण चौथे की पाचवे यावर भांडणं होतात आणि फुटबॉलच्या क्रमवारीत आपण शंभराच्या पलीकडे. म्हणजे देशाच्या तिजोरीचा आणि गोलाचा संबंध आहे, पण तो सरळ नाही.

पायरी दुसरी: पाणी बेतानं सोडा. २००२ मध्ये रॉबर्ट हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशीच्या क्रमवारीचा हिशेब मांडला. दरडोई उत्पन्न वाढेल तसा संघ सुधारतो. एका मर्यादेच्या पुढं मात्र उलटा घसरणीला लागतो, असं त्यात निघालं. (हवामान १४ अंशांच्या आसपास असलेलं बरं, असंही निघालं. एप्रिलमध्ये इंदापूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून हे वाक्य वाचू नये.) बाहेरच्या माणसाला हे नवल वाटेल, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात कुणाला वाटणार नाही. इथं कालवा आला, ऊस आला, बंगले आले. आणि ज्यांनी वाफ्यात पाणी तुंबवलं त्यांच्या रानात मीठ फुटलं. पांढरी पडलेली चोपण जमीन पाहिली असेल तर कतार समजायला वेळ लागत नाही. २०२२ चा वर्ल्ड कप घरी भरवायला त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. यजमान देशच गटातले तिन्ही सामने हरला, असं वर्ल्ड कपच्या इतिहासात आधी कधी झालं नव्हतं.

पायरी तिसरी, आणि इथं जरा बसून घ्या. पाणी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पोचलं पाहिजे.

धरणात किती टीएमसी आहे हे पेपरात येतं. टेलच्या शेतकऱ्याला त्याचं काय? तो नमुना सातचा अर्ज भरतो, आवर्तनाची वाट बघतो, रात्री बॅटरी घेऊन चारीवर जातो, दारं धरायला थांबतो, आणि वरच्या अंगाला कुणीतरी बारं फोडलेलं असतं. निवडणूक आली की इंदापुरात बावीस गावांच्या पाण्याचा विषय निघतो तो याचमुळं. म्हणूनच ‘टेल टू हेड’, म्हणजे शेवटच्याला आधी, अशी पाळी लावायची पद्धत निघाली. भारतीय फुटबॉलमध्ये ती अजून निघालेली नाही. २०१० साली महासंघानं १५ वर्षांसाठी ७०० कोटींचा व्यापारी करार केला. २०१४ पासून चकचकीत लीग आली, परदेशातले निवृत्तीला आलेले तारे आले. धरण भरलेलं, मुख्य कालवाही वाहता. करार संपायची वेळ आली तेव्हा लीगच लटकली.

आइसलँडनं पाळी उलटी लावली. २००० नंतर सार्वजनिक पैशातून बर्फातही खेळता येईल अशी बंदिस्त मैदानं बांधली, आणि सहा वर्षांच्या पोरालाही परवानाधारक प्रशिक्षक दिला. साधारण पाचशे माणसांमागे एक, असा तिथला हिशेब सांगत. या मापानं एकट्या इंदापूर तालुक्याला साडेसातशे प्रशिक्षक लागतील. जर्मनीचंही तेच: २००० च्या युरोत गटात तळाला गेल्यावर त्यांनी पोरांच्या अकादम्यांवर पैसा लावला, आणि कप आला २०१४ साली. आडसाली ऊससुद्धा इतकी वाट बघायला लावत नाही.

आता आमच्याकडचं टेल. १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप २०१७ मध्ये भारतात आणि त्यातले काही सामने नवी मुंबईत होणार म्हणून १५ सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचं ठरलं. शाळांना चेंडू वाटले. माझ्या माहितीतल्या एका शाळेतही आला. नवाकोरा, रबराचा वास येणारा. पोरं दोन दिवस वेडी झाली. तिसऱ्या दिवशी चेंडू मैदानाकडेच्या बाभळीत गेला. पंक्चर काढून देणारा सायकलवाला मिळाला, पंपही मिळाला. हवा भरायची पिन मिळेना. ‘गुरुजी, पिन आणा की,’ असं पोरं महिनाभर म्हणत होती. गुरुजी म्हणत, ‘तिला हेड नाही.’ चेंडू मिळाला होता त्या खर्चाच्या हेडमध्ये पिन बसत नव्हती. पुढं तो चपटा चेंडू पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यावर बरीच वर्षं होता, मांजर त्यात बसायचं.

पायरी चौथी: जुनं वळण. ऊस बारामतीत आहे आणि कोल्हापुरातही. तालमी दोन्हीकडं. मग कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या फुटबॉल सामन्याला गर्दी लोटते, आणि आपल्याकडं गर्दी फक्त कुस्तीच्या फडाला का? पैशानं याचं उत्तर मिळत नाही. अर्थशास्त्रवाले लोकसंख्या आणि उत्पन्नाच्या जोडीला ‘अनुभव’ असा तिसरा रकाना ठेवतात तो यासाठी. तो चुलत्याकडून पुतण्याला मिळतो. (बारामतीत चुलत्या-पुतण्याचं उदाहरण जपून द्यावं.) २०१७ च्या त्या १७ वर्षांखालच्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता तो काही आभाळातून पडला नव्हता.

पायरी पाचवी: वजनदार अध्यक्ष. पटकन उरकू. शरद पवार २००५ ते २००८ क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते, आणि २००८ ला आयपीएल उभी राहिली. फुटबॉलला तेव्हा त्यांच्याच पक्षात असलेले प्रफुल्ल पटेल २००९ पासून २०२२ पर्यंत मिळाले. त्यांच्यानंतरच्या गोंधळात ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं भारताला अकरा-बारा दिवस निलंबितच केलं. वजन होतं, उतारा पडला नाही.

पायरी सहावी: पिन विकत घ्या. खेळाच्या सामानाच्या दुकानात चहाच्या एक-दोन कपांच्या पैशात मिळते. व्हॉल्व्हमध्ये घालण्याआधी ती तोंडात धरून ओली करा, कोरडी घातली तर व्हॉल्व्ह आत जाऊ शकतो आणि मग चेंडू कायमचा कामातून. दोन घ्या. एक हरवतेच.