सज्जन पणजोबा सापडत नाहीत

पूर्वजांच्या शोधाला लागण्याआधी कुलदैवताला एकच मागणं मागावं: आपला पूर्वज भांडखोर निघू दे. सारा थकवणारा, बांध कोरणारा, वतनासाठी सख्ख्या भावाला कचेरीत खेचणारा पूर्वज ज्याला लाभला त्याचं निम्मं काम झालं. कुणाचं काही न बुडवता, कुणाला उलट न बोलता मेलेला माणूस दप्तरात मिळत नाही. सरकारला त्याचं नाव लिहून घ्यायची गरजच पडलेली नसते.

ही जिज्ञासा आपल्याकडे सहसा ज्ञानासाठी जागी होत नाही. मुलीचा प्रवेश तोंडावर येतो, जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो आणि सगळ्या घराला एकदम पणजोबा आठवतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे पणजोबांनी या तारखांपूर्वी कुठेतरी जातीसकट कागदावर येऊन ठेवलेलं असलं पाहिजे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

सुरुवात घरातून करावी. काकांना विचारू नये, आत्याला विचारावं. काका पराक्रम सांगतात. आत्या कोण कुणाच्या लग्नाला गेलं नव्हतं आणि का, ते सांगते. संशोधनाला दुसरं उपयोगी. काकांच्या माहितीप्रमाणे घराण्यातला प्रत्येक बेपत्ता पुरुष पानिपतावर पडलेला असतो. हिशोब केल्यावर त्याचा जन्म १८९० च्या आसपासचा निघतो, म्हणजे गृहस्थ रणांगणावर सव्वाशे वर्षं उशिरा पोचले. बेपत्ता माणूस शोधायचा तर १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६ साली मुंबईत सुरू झालेला प्लेग आणि १९१८ ची मानमोडी आधी पाहावी. यात वीरश्री नाही, पण माणसं मात्र इथेच गेलेली असतात.

मग शाळा. जुनं जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली रजेवर असते. रजिस्टर मिळालंच तर आजोबांची जन्मतारीख १ जून निघेल. त्यांच्या भावाचीही १ जूनच निघेल. दोघे जुळे होते असं समजू नये. मास्तर एक होते, एवढंच समजावं.

तहसील कचेरीतलं कोतवाल बुक जास्त खरं बोलतं, फक्त नाव सांगत नाही. गावात मूल जन्मलं की नोंद व्हायची ती ‘अमक्यास मुलगा’ अशी. बारसं नंतर व्हायचं, ते कोतवालाच्या वहीत पोचायचं नाही. त्यातून नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची आपली रीत. राणोजी बिन गणोजी, गणोजी बिन राणोजी, पुन्हा राणोजी बिन गणोजी. यातला आपला कोणता, हे कागद कधीच सांगत नाही. जमिनीचा वाद सांगतो, म्हणून लगेच फेरफाराकडे वळावं.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. इथे पूर्वज मरतो आणि त्याच क्षणी सापडतो, कारण त्याचे वारस लागतात. पण पणजी शोधत असाल तर सबुरी धरा. तिचं आडनाव लग्नात गेलं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही गेलं. कागदावर ती ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ या शब्दापुढे नवऱ्याचं नाव घेऊन उभी असते, तीही बहुधा तो मेल्यावर. माहेरच्या सातबाऱ्यावर ती औषधालाही मिळत नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर मुलींची नावं वारस म्हणून कागदावर दिसू लागतात, आणि पाठोपाठ हक्कसोडपत्रंही. पुष्कळ घरांत आजीची पहिली सही किंवा अंगठा असा, जमीन सोडून देताना उमटलेला सापडतो. त्याची झेरॉक्स काढताना आजीच्या भावांकडे फार बघू नये.

याच्याही मागे जायचं तर मोडी आली. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहीत सुटायचं, असा हा प्रकार. ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही, विरामचिन्हं नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून मागणी आली. त्याआधी त्यांना घरातही कुणी विचारत नव्हतं. अक्षर लागलं तरी तारीख अडते. ‘सीत सबैन मया व अलफ’ हा मंत्र नव्हे, सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११७६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७५ मिळतं. वर्ष मृगाला सुरू व्हायचं, त्यामुळे पुढच्या जानेवारीपासून मेपर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावे. फसलीला ५९० किंवा ५९१, शकाला बहुधा ७८. हे पाठ झालं की नातेवाईक तुमच्याशी बोलणं कमी करतात.

पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल बांधलेले आहेत, कागद कोट्यवधी. तिथे ‘आमचे पूर्वज द्या’ असं म्हणून चालत नाही. गाव, परगणा, वतन सांगावं लागतं. इनाम असेल तर नशीब थोर. इनाम कमिशननं १८५२ च्या कायद्याच्या जोरावर इनामदारांकडे पुरावे मागितले आणि जमीन जाईल या धास्तीनं घराण्यांनी कैफियती आणि वंशावळी लिहून दिल्या. पितृभक्तीनं जे कधी झालं नसतं, ते कंपनी सरकारच्या संशयानं झालं. (वंशावळीत दत्तक फार आणि लागोपाठ आले, तर कमिशनइतकाच संशय आपणही घ्यावा.)

कोकणातून मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. तिथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदी आहेत: बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, पुढच्या काळात फोटोसुद्धा. घर न सोडलेल्या भावाचा चेहरा कसा होता हे कुणालाच माहीत नाही. मळ्यात राबायला नेलेल्याचा मात्र जपलेला आहे. मजूर पळाला तर ओळखायला हवा ना.

सज्जन पूर्वजांसाठी एकच आशा उरते, तीर्थक्षेत्र. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत आलेल्या यजमानाचा लेख असतो, पुष्कळदा त्याच्याच हातचा: गाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे. इथे भांडावं लागत नाही, प्रवासखर्च आणि दक्षिणा परवडली की पुरे. म्हणून गरीब सज्जन इथेही निसटतो. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की गुरुजी नेमकी वही काढतात. पाहून झालं की तीच वही तुमच्यापुढे सरकवतात. बायकोचं माहेरचं नाव लिहावं, मुलींचीही लिहावीत, अक्षर डॉक्टरी काढू नये. वरच्याच ओळीत, गेल्या चातुर्मासात येऊन गेलेल्या चुलतभावानं तुमची सगळी शाखा गाळलेली दिसेल. तिथे गुरुजींसमोर आवाज चढवू नये. सरळ तहसीलदारांकडे हरकतीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.