रेघांचं लाटणं

"वहिनी, काल भाऊंना रिक्षातून हाताला धरून उतरवलंत? मी बघत नव्हते हो, तुळशीला पाणी घालत होते."

"रात्री साडेनऊला?"

"राहून गेलं होतं. झालंय काय पण?"

"पायांना मुंग्या, काकू. दोन महिने. कुणी म्हणे वात, कुणी म्हणे चप्पल बदला. रक्त तपासलं तर बी-बारा पार तळाला. इंजेक्शन दिलं, लालभडक! मला वाटलं रक्तच टोचतायत."

"अगंबाई! लाल कशानं?"

"आत मधोमध कोबाल्ट असतो म्हणे, धातू. भाची बायोकेमिस्ट्री शिकते ना, तिनं सांगितलं. शरीरात कामाला एन्झाइम असतात, पण बऱ्याच जणांचं एकट्यानं काही चालत नाही. हाताशी कोफॅक्टर लागतो. कुणाला जस्त, कुणाला मॅग्नेशियम, कुणाला जीवनसत्त्वापासून झालेलं काही."

"म्हणजे गेल्या मे महिन्यात माझ्याकडे पापडाला बाई आली आणि रेघांचं लाटणं…"

"…माझ्याकडे राहिलं होतं. काढा, पुन्हा काढा तो विषय."

"काढते कुठं! बाई चहा पिऊन गेली, पीठ दगड झालं, एवढंच."

"अगदी तस्संच बघा. बी-बारावाचून अडणारे एन्झाइम माणसात दोनच. पण त्यातला एक अडला की होमोसिस्टीन साचत जातं, रक्तपेशी धड घडत नाहीत. शिवाय नसांवरचं आवरण बिघडतं, म्हणून ह्या मुंग्या."

"आणि लागतं किती ते?"

"दिवसाला 2.4 मायक्रोग्रॅम. मोहरीच्या एका दाण्याएवढ्या वजनात दोन वर्षं सहज निघतील!"

"काहीतरीच!"

"अहो, पापड लाटून पीठ संपतं, लाटणं थोडंच संपतं? तेच पुन्हा पुन्हा कामाला. थोडंफार हरवतं, तेवढं भरून काढायचं."

"पण तुमच्याकडे दूध-दही भरपूर. त्यात नसतं?"

"असतं की! पण हे साखरेची गोळी घेतात ना, मेटफॉर्मिन, दहा वर्षं झाली. तिच्यामुळे बी-बारा आतड्यात नीट शोषलं जात नाही, असं डॉक्टर म्हणाले."

"आमचे हेही तीच घेतात की हो!"

"मग रक्त तपासून घ्या. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका."

"उद्याच नेते. आणि वहिनी, ते लाटणं?"

"ते होय… माळ्यावर असेल बहुतेक."

"वर्ष होत आलं, वहिनी."

"अगंबाई, दूध उतू गेलं वाटतं!"