निघालोच!

आमच्या दादाच्या टेम्पोच्या मागे 'अर्जंट सेवा २४ तास' एवढंच रंगवायला पेंटरने अकरा दिवस लावले. बाराव्या दिवशी गाडी दारात आली तेव्हा पहिल्याच शब्दातला रफार एक घर पुढे सरकला होता. 'अजंर्ट' असं झालं होतं. मी ते दाखवलं तर दादा म्हणाला, "घाईतला माणूस शुद्धलेखन बघत नाही. आणि जो बघतो त्याला घाई नसते, म्हणजे तो आपलं गिऱ्हाईकच नाही." धंद्याचा नारळ अजून फुटायचा होता आणि गिऱ्हाइकाची व्याख्या तयार होती.

दादा माझा मावसभाऊ. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात चौदा वर्षं डिस्पॅचला होता. काम मुख्यतः एकच, टेम्पोवाल्यांना फोन करून विचारायचं, "कुठपर्यंत आलास?" त्यांची उत्तरं आणि त्या उत्तरांचे अर्थ त्याला पाठ होते. 'नाशिक फाट्याला आलोय' म्हणजे अंघोळ चालू आहे. 'गेटवरच आहे' म्हणजे आत्ता नाशिक फाट्याला पोचलाय. 'पंक्चर झालंय' म्हणजे दुसऱ्याचं भाडं मारतोय. हे सगळं तो आम्हाला जेवताना रंगवून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "ह्या लोकांना धंदा करता येत नाही. मी दाखवीन एकदा."

हे 'एकदा' चाळिशीनंतर येतं. प्रत्येक घराण्यात ते एका तरी माणसाला येतंच. कोणी रसवंती काढतो, कोणी शेळ्या घेतो, दादाने टेम्पो घेतला. घोषणा माझ्या पुतणीच्या बारशात, जिलबी वाढत असताना झाली. खिशातली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका काढून तिच्या पाठीवर त्याने हिशेब मांडला. दादाच्या हिशेबात क्रियापद एकच असतं, 'धर'. "महिन्याचे पंचवीस दिवस धर. रोज दोन फेऱ्या धर. येताना रिटर्न भाडं धर. डिझेल काय, तू जास्तीच धर." पत्रिकेच्या कोपऱ्यात जो आकडा आला तो बघून मला माझ्या बँकेतल्या नोकरीची लाज वाटली. मी विचारलं, "आणि तुझा पगार?"

"मालकाला कसला पगार?" तो म्हणाला. टायर, विमा आणि झोप या तीन गोष्टीही त्याने धरलेल्या नव्हत्या. वहिनी पलीकडच्या पंगतीत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ह्यांनी धरलेलं कधी हाताला लागत नाही, भावजी." तरी हप्त्याआधीची रक्कम भरताना पीएफच्या पैशांत पाच आकडी खळगा पडला, तेव्हा तो वहिनींच्या दोन पाटल्यांनीच भरून निघाला.

गाडी कुठली, तर छोटा हत्ती. टाटांनी २००५ साली 'एस' काढली तेव्हा ती जमशेदपूरची की पिंपरीची हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडला नाही. ती आमच्याच घरची असल्यासारखे लोक बोलत. पाऊण टन माल, दोन सिलिंडर, आणि तीनचाकी टेम्पो जिथे शिरतो त्या बोळात शिरायचं कसब. दादाची गाडी त्याच वंशातली, पण नवी. तिचे गुण तो मुलीचे स्थळासाठी सांगावेत तसे सांगतो. त्यातला सर्वांत लाडका गुण असा, की तीन हजार किलोंच्या आत एकूण वजन असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. पिवळी पाटी लागते, फिटनेस लागतं, विमा आणि पीयूसी लागतं. पण परमिट नाही. "सरकारने मोकळं सोडलंय आपल्याला," असं म्हणताना त्याचा आवाज नुकत्याच घटस्फोट मिळालेल्या माणसासारखा होतो.

आता दादाला फोन केला की पलीकडून पहिला शब्द येतो, "निघालोच!" हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. एकदा मावशीने सहज चौकशीला फोन केला होता, तिलाही तो निघालोच म्हणाला. बिचारीने जास्तीचा कुकर लावला. पाठोपाठ दुसरं वाक्य, "नाशिक फाट्याला आलोय." चौदा वर्षांत ऐकलेली सगळी भाषा आता तो अस्खलित बोलतो. मी एकदा त्याला आठवण करून दिली, तर गंभीर होऊन म्हणाला, "तेव्हा मला वाटायचं ते खोटं बोलतात. खोटं नसतं ते. समोरच्याला धीर देणं असतं."

धीर द्यावा लागतो, कारण त्याच्या धंद्याचा पायाच भीतीवर उभा आहे. तो समजावून सांगतो तेव्हा समोर पुरणपोळी असली तरी आपण थांबतो. मोठे गाडी कारखाने मालाचा साठा ठेवत नाहीत. जपान्यांनी शिकवलं, लागेल तेव्हा लागेल तेवढंच मागवायचं. गोदामाचं भाडं वाचतं, पैसा अडकत नाही. सगळं छान. पण मग एखाद्या दिवशी कुठे साचा तुटतो, कुठे एखादी पेटी नाकारली जाते, आणि दोन रुपयांच्या वायसरीवाचून दहा-बारा लाखांच्या गाड्यांची रांग उभी राहते. "लाइन थांबली की मिनिटाचा हिशेब लागतो. पुरवठादाराच्या बोकांडी बसतो," दादा सांगतो. "मग मोठ्या ट्रान्सपोर्टचा ट्रक भरायची वाट बघत कोण बसणार? तेव्हा आपण." 'तेव्हा आपण' म्हणताना तो हातातली पोळी दुमडून गाडीसारखी ताटातून फिरवतो.

मी त्याच्याबरोबर एकदाच गेलो. गेलो कसला, त्याच्या घरी जेवायला गेलो होतो तिथून उचलला गेलो. सव्वादहाला फोन आला. वाळूजला सेन्सर हवेत, पहाटेच्या आत. दादाने ताटातच हात धुतला. भोसरीच्या गेटवर माल घेतला तर एक खोका, चार किलोंचा. पाऊण टनाच्या गाडीत चार किलो! मागे टाकला तर दणके बसतील म्हणून दादाने तो पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. मी दार आणि खोका यांच्या मधे, पट्ट्याविना.

खोका लहान, पण किंमत एक लाखाच्या वर, म्हणून ई-वे बिल. त्याचा नियम दादा मला शिक्रापूरपर्यंत सांगत होता. दोनशे किलोमीटरपर्यंत एक दिवस, त्यापुढे आणखी एक. वाळूज दोनशेच्या थोडं पुढे. "म्हणजे सरकार आपल्याला दोन दिवस देतं," दादा म्हणाला, "आणि सुपरवायझर पाच तास."

सुपरवायझर तिकडून दर पंधरा मिनिटांनी विचारत होता, "कुठपर्यंत आलात?" रांजणगावला दादाने गणपतीला दोनदा हॉर्न देऊन नमस्कार केला. नगरच्या अलीकडे असताना त्याने फोनवर नेवासा फाटा सांगितला. मी बघितलं तर माझी नजर चुकवून त्याने वायपर चालू केले, पाऊस नव्हता. मग सुपरवायझरने लाइव्ह लोकेशन मागितलं. ते पाठवताना दादाचा चेहरा वर्गात वही तपासायला मागितलेल्या पोरासारखा झाला. "पूर्वी माणसाच्या शब्दाला किंमत होती," तो म्हणाला आणि पांढरी पुलापर्यंत गप्प राहिला. प्रवरासंगमला पुलावर आल्यावर गोदावरीला रुपया टाकायचा त्याचा नेम. त्याने खिडकीतून भिरकावला, वाऱ्याने तो परत आत आला आणि माझ्या सदऱ्यात गेला. "राहू दे, येताना टाकू," दादा म्हणाला. तो रुपया अजून माझ्याकडे आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही गेटवर. कमाल म्हणजे, भोसरीच्या गेटपासून धरले तर पाच तासांत. वॉचमनने बॅटरी दादाच्या तोंडावर न मारता पायावर मारली. "सेफ्टी शूज?"

दादा चपलेवर होता. आत लाइन उभी, बाहेर सेन्सर उभे, आणि मधे एक चप्पल. दादाने गयावया केली नाही, तो अनुभवी आहे. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर वीस रुपयांत बूट भाड्याने मिळत. जोडी एकच, दहा नंबरची, ती आधी गेलेल्या एका कर्नाटकच्या ड्रायव्हरच्या पायात होती. तो बाहेर येईपर्यंत आम्ही दोन कटिंग घेतले. मग दादा ते बूट घालून, सात नंबरच्या पावलांनी बदकासारखा डुलत, खोका छातीशी धरून निघाला. तो गेटात पाऊल टाकतो तोच आतून एक पोरगा धावत आला, काही न बोलता खोका हिसकला आणि तसाच उलटा पळत सुटला.

दादा तिथेच उभा राहिला. मला वाटलं अपमान झाला. पण तो वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "बघितलंस? पळत गेला!" इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. आणि मी त्या लग्नात करवला होतो.

माल पळत गेला. पोचपावतीवरचा शिक्का मात्र आठ वाजता, स्टोअरचे साहेब आल्यावर. शिक्क्याशिवाय बिल लागत नाही. चार ते आठ आम्ही टपरीवर बसलो. पंचवीस-तीस गाड्या उभ्या होत्या, चाकण, हैदराबाद, होसूर कुठून कुठून आलेल्या, सगळ्यांच्या मागे कुठल्या तरी भाषेत 'अर्जंट' लिहिलेलं, आणि सगळे ड्रायव्हर झोपलेले. दादाचा धंदा असा आहे. घाई त्याची नसते, वाट बघणं तेवढं त्याचं.

दर रविवारी तो माझ्याकडे हिशेबाला येतो. कागद मिठाईच्या खोक्यात असतात. फास्टॅगचे मेसेज, डिझेलच्या पावत्या, हमालीच्या चिठ्ठ्या, एक भेळेचा कागद ज्यावर 'चाकण २२००' एवढंच लिहिलंय. कुठल्या चाकणचे, कधीचे, मिळाले की द्यायचे, देव जाणे. चाकणची फेरी वीसेक किलोमीटरची. तळेगाव चौक कृपावंत असेल तर पाऊण तास, नसेल तर दादा तिथून घरी फोन करून मुलाचा पाढा घेतो. एकदा एकोणतीसपर्यंत पोचले होते.

प्राप्तिकराची एक सोय मी त्याला सांगितली. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालवाहतूकदाराला हिशेबाची वही न ठेवता अंदाजे उत्पन्न दाखवता येतं. अशा लहान गाडीला महिन्याला निदान साडेसात हजार नफा झाला असं सरकार मानून चालतं. दादा हळवा झाला. "साडेसात धरलेत?" त्याने विचारलं. 'धर' हे क्रियापद सरकारही वापरतं हे कळल्यावर त्याचा सरकारवर विश्वास बसला. पहिल्या सहा महिन्यांत मात्र सरकारचा अंदाज दादाच्या खऱ्या कमाईच्या बराच वर होता. त्या काळात सरकार सोडून दादावर एवढा भरवसा कुणाचाच नव्हता.

पैसे येतात, पण साठ दिवसांनी, कधी नव्वद. छोट्या उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ सालचा कायदा आहे. दादाने उद्यम नोंदणी केली, प्रमाणपत्र लॅमिनेट केलं, डॅशबोर्डवर गणपतीशेजारी लावलं. पण ते गिऱ्हाइकाला दाखवलं तर पुढचं भाडं दुसऱ्याला जाईल. म्हणून ते तो फक्त मला दाखवतो. गणपतीलाही रोज दिसतं, त्याच्याकडूनही अजून काही कारवाई नाही.

आमच्या सोसायटीचा हिशेब वेगळा. गणपतीची मूर्ती आणायची, कुणाच्या सासूला खाटेसकट गावी न्यायचं, कुणाचं कपाट लिफ्टमध्ये मावत नाही, दादा हजर. त्यात पैशांचा विषय निघाला की तो रागावतो. "अरे, गाडी तशीही उभीच होती!" ही गाडी 'तशीही उभी' असल्याचं ऐकलं की वहिनी आत निघून जातात. पण खंडेनवमीला टायरखाली लिंबू ठेवायचं, बॉनेटला झेंडूची माळ घालायची, गंधाचं बोट लावायचं ते त्यांनीच, दादाला हात लावू देत नाहीत. गेल्या दिवाळीत एक पाटली परत आली. दुसरी अजून यायची आहे. विचारलं की दादा म्हणतो, "निघालीये."

पत्रिकेच्या कोपऱ्यात आलेल्या त्या आकड्याला सगळ्यात मोठं भगदाड पाडलं ते रिटर्न भाड्याने. जाताना जग त्याच्यासाठी थांबलेलं असतं, येताना त्याला कुणी ओळखत नाही. वाळूजहून त्या दिवशी आम्ही रिकामे आलो. नेवासा फाट्याला दादाने एका म्हाताऱ्याच्या तीन कांद्याच्या गोण्या घेतल्या, सुप्याला उतरवल्या, आणि त्याने दिलेले शंभर नको नको म्हणत खिशात घातले. पुढे पुण्यापर्यंत तो त्या गोण्यांबद्दलच बोलत होता, सेन्सरचं नावही नाही.

हे लिहीत असताना त्याचा मेसेज आलाय. पुन्हा वाळूजला गेलाय, माल पोचला, शिक्का आठ वाजता. म्हणजे साडेआठला तिथून निघेल, निदान तसं सांगेल. तेव्हा वाळूजहून, नगरहून किंवा वाटेतल्या कुठल्याही गावाहून भोसरीकडे आणायचं तुमचं काही असेल, कपाट, कांदे, सासू, तर लवकर कळवा. पाऊण टनापर्यंत जागा आहे, भाडं बोलून ठरवू.