तयारी पूर्ण आहे

भंडाऱ्याच्या आमच्या मित्राचं जाहीर कौतुक व्हायला हवं. मंडईच्या जत्रेत रात्रभर खडी गंमत गाणाऱ्या मामांचा आवाज घरीच टिपायचा, असं त्याने गेल्या दिवाळीत ठरवलं आणि उतावीळपणा न करता आधी हार्ड डिस्क निवडायला घेतली. फिरत्या तबकडीची? तिची घरघर माईकमध्ये शिरते. म्हणून एसएसडी. केवढी? २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ, स्टिरिओ म्हणजे तासाला जेमतेम १ जीबी. तरी २ टीबीची घेतली. मामा सलग २,००० तास गायले तर ऐनवेळी पंचाईत नको. (पाणी प्यायला थांबले तर जागा उरेलच.)

शिवाय शास्त्र सांगतं: तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर. २०२० चा वैनगंगेचा पूर स्मरून त्याने तिसरी प्रत साकोलीला बहिणीकडे, तांदळाच्या कोठीवर ठेवली.

मधे मामांनी दोनदा विचारलं, "भाचेबुवा, गाऊ का आता?"

"थांबा मामा, केबल यायची आहे."

यंदाची मंडईही झाली. तिन्ही ठिकाणी एकच ध्वनिफीत सुखरूप आहे. ११ सेकंदांची, अगदी स्वच्छ: "हॅलो, हॅलो... मामा, जरा गप्प बसा, टेस्टिंग चालू आहे."